मानसोपचार मोबाइलवर आला, पण बसायचं कुठं?

खेड्यात माणसाला पाऊण तास कुणाच्या कानावर न जाता बोलायला जागा नसते. ऑनलाइन मानसोपचाराबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात नेटवर्क येतं, फी येते, 'लोकांची मानसिकता' तर हमखास येते. ही साधी अडचण मात्र क्वचितच येते. 'घरबसल्या तज्ज्ञांशी बोला' ही जाहिरात ज्यानं लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर फ्लॅट असणार आणि त्या फ्लॅटात आतून लागणारं दार असणार. यवतमाळ-वाशिमकडचं साधारण घर घ्या. पुढं ओसरी, तिथं सासऱ्याची खाट. मधल्या खोलीत देव, टीव्ही, तुरीची पोती आणि हंगामात आढ्यापर्यंत कापूस. मागं चूल-गॅस, बाजूला टिनाची सपरी. दिवसभर सगळी दारं सताड उघडी. भर दुपारी एखाद्या घराचं दार लावलेलं दिसलं की शेजारीण विचारायला येते, "काहून वो, बरं नाही का?" तिच्या विचारण्यात आपुलकीच असते. पण अशा घरात बसून, 'मला जगावंसं वाटत नाही' हे वाक्य मोबाइलवर कोण आणि कसं बोलणार?

मला ऑनलाइन मानसोपचाराच्या विरोधात लिहायचं नाही. उलट विदर्भातल्या खेड्यांना तो शहरांपेक्षा जास्त हवा आहे असं माझं ठाम मत आहे. मात्र तो ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर सोडून दिला तर ज्यांच्या हातात मोबाइल, पैसा आणि एकांत तिन्ही आहे त्यांच्यापुरताच राहील. गावच्या आरोग्य उपकेंद्रात, ठरलेल्या दिवशी, दार लावता येईल अशा खोलीत तो आणावा लागेल आणि त्याचा खर्च सरकारला उचलावा लागेल.

आधी ऑनलाइनच का, ते. बोलून करायचे उपचार एका भेटीत होत नाहीत. ऑपरेशन असलं तर माणूस कसाही करून सेवाग्रामला किंवा सावंगीला पोहोचतो, आठ दिवस काढतो, परत येतो. नैराश्यासाठीचं समुपदेशन म्हणजे आठवड्याला एक अशी सहा-आठ सत्रं, कधी त्याहून जास्त. उमरखेड-महागावकडच्या आतल्या गावातून यवतमाळला जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकावरच्या सिरोंच्याच्या माणसाला नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं हे चांगलंच, पण निंदणाचा रोज बुडतो तो बुडतोच. शिवाय आठ वेळा घरातून निघताना "कुठं चालली?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? एकदा दाताचं सांगता येतं, दुसऱ्यांदा बँकेचं. पुढं काय?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ आणि गोळ्या पोहोचल्या, हे काम लहान नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला वेळेवर गोळी मिळाली तर त्याचं आयुष्य रुळावर येतं. पण ओपीडीच्या रांगेत डॉक्टरला एका माणसामागे पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात झोप, भूक आणि गोळीचा डोस एवढंच विचारून होतं. बसून ऐकायचं काम मानसशास्त्रज्ञाचं, आणि तो बहुतेक तालुक्यांत नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला होता. त्यातल्या उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. ही दरी नुसत्या इमारती बांधून या पिढीत भरून निघणार नाही. नैराश्य आणि चिंतेच्या त्रासावर व्हिडिओवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांइतकेच लागू पडतात असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. मग पडद्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गावात सल्ला देणारे कमी नाहीत. सल्ला देणारा सोयरा नाही असं मात्र होत नाही. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून नवरा-बायकोची भांडणंही समितीपुढं येऊ लागली. समितीनं कितीतरी घरं सावरली असतील, नाही म्हणत नाही. पण अध्यक्ष नवऱ्याचा चुलता, एक सदस्य त्याचा शेतशेजारी, आणि बाई पलीकडच्या तालुक्यातून आलेली. तिनं पंधरा माणसांसमोर सांगायचं की नवरा दारू पिऊन काय करतो. समेट होतो, फोटो निघतो, बाई सासरी परत जाते. पडद्यावरची मानसशास्त्रज्ञ अमरावतीत बसली असो की पुण्यात, तिला या गावात कुणाशी सोयरीक करायची नसते, कुणाच्या बांधावरून जायचं नसतं. एरवी आपण ज्याला परकेपणा म्हणतो तोच इथं कामाला येतो.

देवधर्माकडे जाणाऱ्यांना हसणारे शहरात फार. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर 'बाहेरची बाधा' झालेल्यांना घेऊन लोक वर्षानुवर्षं येतात, आणि त्यात सगळ्या जाती-धर्माचे असतात. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होण्याआधी तिथं काय मिळतं ते पाहावं. अख्खं घर सोबत जातं. कुणी एकट्यावर बोट ठेवत नाही; दोष बाधेचा असतो, माणसाचा नसतो. मुक्काम होतो, ओळखी होतात, आपल्यासारखे आणखी शंभर दिसतात. साखळदंड आणि मारझोडीला माझा विरोधच आहे आणि कायद्याचाही आहे. पण कुटुंबाला सोबत घेऊन बरं होण्याची जी सवय या लोकांना आधीपासून आहे, ती पडद्यामागच्या तज्ज्ञानं ओळखली तर त्याचं अर्धं काम सोपं होईल.

आता मोबाइल. घरात मोबाइल आहे म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा मोबाइल आहे असं शहरी माणूस धरून चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या महिला देशात ५४ टक्के होत्या आणि ग्रामीण भागात निम्म्याहून कमी. तेव्हापासून आकडा वाढला असेल, पण फोन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या नजरेखाली हा प्रश्न उरतोच. रात्री नवरा फोन हातात घेतो, कॉलची यादी वर सरकवतो आणि म्हणतो, "चाळीस मिनिटं कोणासंग बोलत होती?" ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो त्याच घरातल्या बाईला उपचाराची गरज सर्वांत जास्त असण्याची शक्यता आहे.

पुरुषांचंही फार वेगळं नाही. आमच्याकडचा एक तरुण, पोलीस भरतीच्या दोन फेऱ्यांत हुकलेला, घरी बोलेनासा झाला तेव्हा पुण्यातल्या मित्रानं त्याला एका मानसशास्त्रज्ञाशी जोडून दिलं. घरी बोलायची सोय नाही म्हणून तो शेतात जायचा. धुऱ्यावरच्या निंबाखाली टॉवर पकडतो, तिथं उभं राहून बोलायचं. बसलं की आवाज तुटतो. एकदा मी पलीकडच्या वावरात होतो. सुरुवातीला तो बराच बोलत होता, हात हलवत होता. मग सालगडी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पाणी मागायला तिकडे वळला, तसा याचा आवाज बदलला. "हो… नाही… ठीक आहे मॅडम… झोप लागते." सालगडी पाणी पिऊन, बिडी पेटवून, तिथंच टेकला. त्याला तरी काय ठाऊक! उरलेलं सत्र तसंच गेलं. पलीकडच्या मॅडमनं नोंद काय केली असेल? झोप सुधारली?

आता येतो सर्वांत वजनदार आक्षेपावर. शेतकरी चळवळीतले माझे मित्र म्हणतात, कापसाला भाव द्या, समुपदेशन गेलं चुलीत. त्यांचा राग मला समजतो. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला. पहिल्यातला पैसा संपला आणि दुसऱ्यानं दोष शेतकऱ्याच्या डोक्यात शोधला, असं गावात बोललं गेलं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि दिवाळीत बाजार समितीत चार-सव्वाचार हजारांची बोली लागत होती. ज्याचं क्विंटलमागे साडेसहाशे ते नऊशे रुपयांचं नुकसान डोळ्यांदेखत होतं त्याला 'सकारात्मक विचार करा' म्हणणारा समुपदेशक गावाच्या वेशीवरूनच परत पाठवावा. या बाबतीत मी मित्रांच्या बाजूचा आहे.

पण त्यांचं दुसरं अर्धं पटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या सगळ्या आत्महत्यांची कारणं पाहिली तर कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के असं दिसतं. त्या वर्षी महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी जीव दिला, देशात सर्वांत जास्त. पोलीस एका रकान्यात एकच कारण लिहितात, हे मान्य. प्रत्यक्षात उधारी वाढते, कृषी केंद्रवाला दारात येतो, बायकोशी वाद होतो, दारू वाढते, सोयरे तुटतात, आणि यातलं कोणतं आधी ते सांगता येत नाही. म्हणूनच भाव मिळेपर्यंत घरातल्या माणसांनी थांबावं हे म्हणणं मला मान्य नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. त्या घरांत उरलेल्यांना न्यायही हवा होता, नुकसानभरपाईही हवी होती, आणि रात्री दचकून उठणाऱ्या पोरासाठी कुणीतरी हवं होतं. या मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. समुपदेशनासाठी आंदोलन करा असं मी म्हणत नाही. भावाच्या निवेदनात ही एक ओळ बसते एवढंच.

आणि चांगला मानसोपचार हवेत बोलत नाही. त्यात माणसासोबत बसून देण्यांची यादी करणं असतं: सोसायटीचं किती, सावकाराचं किती, ३१ मार्चला नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं, होईल ते कोणतं. कुणाला आज फोन करायचा, कुणाला पुढच्या आठवड्यात, सुटलेलं कोणतं काम उद्या सकाळी पुन्हा धरायचं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत असंच सहा-आठ सत्रांचं काम झालं. ते करणारे पदवीधर मानसशास्त्रज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

गोवा लांब वाटत असेल तर अमरावती जिल्हा घ्या. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना तयार केलं गेलं, ती घरोघर गेली, सभा-बैठकांत बोलली, गरज असलेल्यांना समुपदेशकापर्यंत आणि तिथून डॉक्टरपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही घटलं. 'आपल्याकडचे लोक काउन्सिलिंग घेत नाहीत' हे ठोकून देणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. लोक घेतात, कुणीतरी ओळखीचं माणूस दारापर्यंत सोबत यावं लागतं. ऑनलाइन सेवेत नेमका हाच दुवा गाळलेला असतो.

जोडप्यांचं आणि कुटुंबांचं काम मात्र पडद्यावरच नीट होऊ शकेल असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे, कारण कुटुंबच आता एका छताखाली नाही. थोरला चाकणच्या कंपनीत, सून-नातू गावात, मुलगी नागपुरात नर्सिंगला, धाकटा गावात शेती बघतो. धाकट्याचं वय बत्तीस-तेहेतीस, लग्न जमत नाही. शेती करणाऱ्याला पोरगी द्यायची नाही हे आता शेतकरी बापच म्हणतो, स्वतःच्या पोरीसाठी नोकरीवाला शोधतो आणि पोरासाठी सून मिळत नाही म्हणून रडतो. हा विषय पारावर विनोदाचा असतो आणि घरात मुक्याचा. धाकटा आईवर चिडतो, थोरल्याच्या हिश्श्यावर बोलतो, बाप ओसरीवर कूस बदलतो. ही सगळी माणसं एका खोलीत दिवाळीलाच येतात आणि तेव्हा भांडतात. कुटुंबासोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ या सगळ्यांना एका पडद्यावर आणू शकतो, एकाला मध्येच तोडू नको असं सांगू शकतो, बापाला पहिल्यांदा शेवटपर्यंत बोलू देऊ शकतो. शहरात मोठं क्लिनिक उघडूनही हे साधत नाही. इथं ऑनलाइनला तोड नाही.

जोडप्यांच्या बाबतीत एक अट मात्र घालायलाच हवी. जिथं मारहाण आहे तिथं दोघांना एकत्र बसवून 'संवाद सुधारा' सांगणं धोक्याचं आहे. बाई सत्रात खरं बोलली तर फोन बंद झाल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून तज्ज्ञानं बाईशी आधी एकटीशी बोलायचं असतं, आणि गरज असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याची वाट दाखवायची असते. आता फोनच नवऱ्याचा असेल तर हे एकटीचं बोलणं होणार कसं? त्यासाठी घराबाहेर जागा लागते. दारूचंही असंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथं 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती कार्यक्रमाला गावोगाव व्यसन-उपचाराची शिबिरं घ्यावी लागतात, आणि पिणारा माणूस शिबिरात येतो तो गावातलं कुणीतरी हाताला धरून आणतं म्हणून. पिणाऱ्याला लिंक पाठवून बोलावणं ही कल्पना ज्याला सुचली त्यानं बहुधा पिणारा माणूस जवळून पाहिलेला नाही.

सरकारची सेवा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ वर दिवस-रात्र कधीही, पैसे न देता, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक कृषी केंद्राच्या पावतीवर आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हवा. कुणाच्या मनात जीव देण्याचा विचार घोळत असेल तर आत्ता, लगेच, तोच लावावा. पण हेल्पलाइन आणीबाणीला असते. त्याच माणसाशी, त्याच वेळी, आठ आठवडे बांधून घेतलेलं काम तिच्याकडून मागणं तिच्यावरही अन्याय आहे.

खासगी सेवेचा हिशेब सोपा आहे. शहरातल्या तज्ज्ञाच्या सत्राला हजार-दीड हजार रुपये, निंदणाची मजुरी तीनशेच्या आसपास. म्हणजे एका सत्राला चार-पाच दिवसांची मजुरी. शिवाय पडद्यापलीकडे कोण बसलंय हे खेड्यातल्या माणसानं ओळखायचं कसं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर त्यानं तो द्यायलाच हवा. 'समुपदेशक' ही पाटी मात्र शनिवार-रविवारचा कोर्स करूनही लागते, 'माइंड कोच' तर त्याहून सोपं. गोळ्या लिहून देण्याचं काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं. मानसशास्त्रज्ञ गोळ्या सांगू लागला तर तिथंच फोन ठेवावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे, हे सांगणारा फलक मी अजून एकाही ग्रामीण रुग्णालयात पाहिलेला नाही.

तर उपकेंद्राची गोष्ट. बहुतेक उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, लोक त्यांना सीएचओ मॅडम म्हणतात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला-सेवेवरून त्या आजही रुग्णाला पडद्यावर डॉक्टरसमोर बसवतात. म्हणजे उपकरण आहे, जोडणी आहे, आणि अंगणातून चालत येता येईल इतकं अंतर आहे. त्यात भर घालायची ती अशी: तालुक्याला एक नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ, पगारावर, जो वर्षभर बदलणार नाही, आठवड्यातला एक दिवस, लसीकरणाच्या गर्दीचा सोडून, एक बंद होणारी खोली आणि एक बरा इअरफोन. तज्ज्ञ विदर्भातला असला तर उत्तम. पेरणीच्या पंधरवड्यात आणि कापूस वेचणीच्या भरात सत्रं संध्याकाळी ठेवावी लागतात हे त्याला सांगावं लागू नये. दुबार पेरणी म्हणजे घरात नेमकं काय घडतं, ठोक्यानं, म्हणजे भाड्यानं, वावर करणाऱ्याचं नाव भरपाईच्या यादीत का नसतं, हे पहिल्या दिवशी समजावत बसावं लागलं तर रुग्ण दुसऱ्या दिवशी येणार नाही.

सर्वांत अवघड आहे ती गुप्तता. आशाताई दारापर्यंत सोबत येईल, पण आशाताईही कुणाची तरी सून आहे. तिच्यावर आधीच कामांचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा. आणखी एक काम फुकटात लादू नये. तिला एवढंच कळावं की अमुक व्यक्ती उपकेंद्रात आली. कशासाठी आली हे खोलीच्या बाहेर येऊ नये. यावर गावपातळीवर एक साधा उपाय आहे: बीपी-शुगरचा दिवस आणि सत्राचा दिवस एकच ठेवायचा. बीपीसाठी उपकेंद्रात जाणाऱ्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. "पोराले येडा समजतीन लोकं" ही आईची भीती भाषणांनी जायला एक पिढी लागेल. तोवर तिच्या पोराला बीपीच्या रांगेत बसू द्या.

हे सगळीकडे चालणार नाही. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, पण धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरांत अजूनही अशी गावं आहेत जिथं टॉवर पावसाळ्यात दिवसेंदिवस बंद असतो. भामरागडकडेही तसंच. तिथं माडिया किंवा कोरकू बोलणारा, गावातलाच तयार केलेला माणूस लागेल आणि पडदा दुय्यम राहील. ज्याला भास होतात, जो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी भीती आहे, त्याला पडद्यासमोर बसवून भागणार नाही. त्यासाठी तज्ज्ञाच्या हाताशी त्या गावातले दोन फोन क्रमांक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १०८ हवेत. पुण्यात बसून 'जवळच्या रुग्णालयात जा' म्हणणं सोपं असतं.

पैशाचं विचाराल तर शेतकरी आत्महत्येचं प्रकरण चौकशीत 'पात्र' ठरलं की सरकार कुटुंबाला एक लाख रुपये देतं. 'अपात्र' ठरलं तर काही नाही. आणि पात्र-अपात्रतेच्या कागदांसाठी त्या बाईच्या तहसीलला किती चकरा होतात हे वेगळ्या लेखाचं प्रकरण आहे. ती मदत वाढायला हवी, तीत काटछाट नको. पण तेवढ्याच एका लाखात, सत्राला बाजारातले हजार रुपये धरले तरी, शंभर सत्रं होतात, म्हणजे बारा माणसांचे पुरे उपचार. पगारी तज्ज्ञ नेमला तर त्याहून स्वस्त पडेल. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत सभामंडप आणि पेव्हिंग ब्लॉकच्या याद्या वाचल्या जातात, त्यात ही ओळ घालायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, आर्णी, महागाव अशा तीन तालुक्यांतली पाच-पाच उपकेंद्रं घ्यावीत आणि वर्षभर चालवून पाहावीत. मोजताना उद्घाटनाला किती आले, पहिल्या सत्राला किती आले, हे आकडे बाजूला ठेवावेत. ते कुणीही जमवून आणतं. तिसऱ्या सत्राला आपणहून किती माणसं परत आली आणि त्यात बाया किती, एवढंच महिन्याच्या अहवालात मागावं.